अकरावा दिवस

बाबूलालला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक म्हणजे स्वतःच्या बोटांचा, आणि दुसरा बायकोच्या अकराव्या दिवसाचा.

बोटांचं समजण्यासारखं होतं. भंडाऱ्यात विणकरांच्या त्या गल्लीत आता हातमाग उरले होते मोजून तीन, आणि कोसा रेशमाचा तुटलेला धागा न बघता गाठ मारून जोडणारा माणूस उरला होता एकच. तो एकच कोण, हे सांगायला बाबूलाल कधी लाजला नाही.

अकराव्या दिवसाची गोष्ट अशी. तीस वर्षांपूर्वी भूषण जन्मला तेव्हा बाबूलालच्या मागावर एक साडी अर्धी विणून अडकली होती. ती नागपूरच्या प्रदर्शनाला जायची होती, आणि आडवा धागा फिरवणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर धागा भरून द्यायला घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मग बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी ताराबाई उठली, चरख्यापुढे जमिनीवर बसली आणि दिवसभर कांड्या भरत राहिली. साडी वेळेवर गेली, तिला प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि ते काचेच्या चौकटीत मागाच्या वर भिंतीवर लागलं. घरी व्यापारी येवो, जनगणनेवाला येवो की गॅसचं सिलिंडर आणणारा येवो, बाबूलाल त्याला चौकटीखाली उभा करायचा आणि म्हणायचा, "अकराव्या दिवशी कांड्या भरल्या हिनं. आजकालच्या पोरी महिना महिना लोळून राहतेत."

तेवढ्यात ताराबाई हातातलं काम टाकून आत निघून जायची. बाबूलालला वाटायचं, लाजते. माणूस स्वतःच्या बायकोविषयी काय काय धरून चालतो, त्याला काही धरबंध नसतो.

त्या वर्षी दिवाळी आटोपली आणि सून रीता बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, पण रीताची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि सिहोऱ्याला भाऊ-भावजया धानाच्या कापणीत बुडालेले. ताराबाई म्हणाली, आपण इथंच करू. तिने डिंक, खोबरं, अळीव, सुंठ, बाळंतशेपा असं सगळं डब्यांत भरून ठेवलं. आणि दिवस भरायला आठवडा राहिला असताना अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून तिने उजवं मनगट मोडून घेतलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरात गेला.

रीताला मुलगी झाली. मुलगी गुटगुटीत, पण आईचं रक्त फार गेलं. दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी भूषणला समोर बसवून सांगितलं, "हिच्या अंगात रक्त फार कमी आहे. सव्वा महिना पूर्ण आराम. उचलायचं काही नाही, खाली बसून काम नाही. पोटभर जेवण आणि या गोळ्या. पुन्हा रक्त सुरू झालं तर जिवावर बेतेल, हे घरात सगळ्यांना सांगा."

भूषणने घरात सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे आई आणि बाप. तो स्वतः वरठीच्या कारखान्यात पाळीवर, रजा मिळाली पाच दिवसांची. ताराबाईचा एक हात गळ्यात. राहिलं कोण, हे तिघांनाही दिसत होतं, पण बोलायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ताराबाईच म्हणाली, "तुमीच करा."

"मी?" बाबूलाल म्हणाला. "मी काय बाळंतपन करू वो?"

"काहून? विणता येते ना एवढं बारीक, मंग भात शिजवता नाई येनार काय? मी सांगते, तुमी करा. हात प्लास्टरात हाये माझा, तोंड नाई."

ते तोंड प्लास्टरात नाही याची खात्री पुढच्या दिवसांत गल्लीलाही पटली.

अडचण वेगळीच होती. रीताला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत ती सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय आली नव्हती. त्याच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. घरात मोठी, उन्हाची खोली एकच, मागाची. बाज टाकायची तर तिथंच. मग अर्ध्या विणलेल्या साडीवर चादर टाकून बाबूलालने माग थांबवला, आणि माग व बाज यांच्यामध्ये ताराबाईच्या जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. पडद्यापलीकडे रीता आणि बाळ, अलीकडे बाबूलाल, आणि मधल्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून ताराबाई. रीता सासूला हळूच म्हणायची, "आत्याबाई, वरनात मीठ कमी हाये." बाबूलालने ते लख्ख ऐकलेलं असायचं. तरी ताराबाई त्याच्याकडे वळून म्हणायची, "वरनात मीठ कमी हाये म्हनते." मग बाबूलाल म्हणायचा, "उद्या टाकतो म्हना." तीन हातांवर बसलेली माणसं असा तीन गावांचा वळसा घेऊन बोलायची, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सकाळी गल्लीतली गुलाबबाई यायची. तिने अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केलेली. ती रीताला तेल लावायची, बाळाला न्हाऊ घालायची, आणि तासाभरात दुसऱ्या घरी जायची. बाकी दिवस बाबूलालचा. पाणी तापवणं, मऊ भात आणि मुगाचं वरण, त्यावर तुपाची धार, शेपूची भाजी, अळिवाची खीर, बाळाचे लंगोट धुणं आणि उन्हात वाळवणं. पहिल्या दिवशी त्याने डिंक असा तळला की त्याचे कोळसे झाले. दुसऱ्या दिवशी बरा फुलला. चौथ्या दिवशी त्याने वळलेले लाडू ताराबाईने बोटाने दाबून पाहिले आणि काही बोलली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ही मोठी शाबासकी होती.

आरोग्य केंद्राची आशाताई, खुशबू, दर दोन-तीन दिवसांनी वही घेऊन यायची. पोर वयाने लहान, पण बोलायला खमकी. बाजेखाली शेगडी ठेवलेली पाहून तिने ती स्वतः उचलून अंगणात नेली. "धूर नको, काकू. लेकराच्या छातीत जाते. शेकायचं असन तं गरम पान्याची पिशवी घ्या. अन् हिले पानी भरपूर द्या."

"आमच्या वक्ताले बाळंतिनीले पानीच देत नव्हते," ताराबाई म्हणाली.

"म्हनूनच तं सांगून राहिली मी."

बाबूलाल उंबऱ्याशी शेपू निवडत बसला होता. खुशबू त्याच्याकडे वळली आणि तिने आपली मूठ त्याच्यापुढे धरली. "काका, गर्भपिशवी एवढी असते, मुठीएवढी. लेकरू वाढते तशी ती टरबुजाएवढी होते. अन् आता सव्वा महिन्यात परत एवढी होनार. आतमधी जिथं वार चिकटून होती तिथं तळहाताएवढी जखम हाये. ते सारं भरून येनार हाये, आपोआप. आपन फक्त तिले निजू द्याचं."

ती गेली. बाबूलालने हातातली शेपू खाली ठेवली आणि स्वतःची मूठ वळून पाहिली. उघडली, पुन्हा वळली. चाळीस वर्षं त्याने रेशमाशी काम केलं होतं. धागा एकदा ताणला की ताणला. तो परत पहिल्यासारखा होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि इथं हे पडद्याआड, त्याच्या मागाशेजारी, चालू होतं. कोणी हात लावत नव्हतं, आवाज होत नव्हता. एक पोरगी नुसती झोपलेली होती आणि आत एवढं मोठं काम चाललं होतं.

त्या दिवसापासून त्याची चालच बदलली. तो पडद्याजवळून जाताना चपला काढायचा. भांडं पडलं तर जीभ चावायचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ रडलं की पलीकडे रीताच्या पोलक्यावर दुधाचे डाग फुटायचे, असं गुलाबबाईने हसत हसत सांगितलं. लेकराने तोंड लावायच्या आधीच, नुसत्या आवाजाने. बाबूलाल दिवसभर त्याचाच विचार करत राहिला. एकाचा आवाज आणि दुसऱ्याचं दूध. बाराव्या दिवशी पडदा वाऱ्याने जरा उडाला तेव्हा त्याला रीताचं तोंड दिसलं. दवाखान्यातून आली तेव्हा ते पेजेसारखं पांढरं होतं. आता ओठांवर रंग चढत होता. त्याने लगेच मान फिरवली, पण मनातून तो इतका खूश झाला की त्या दिवशी भात दोनदा केला.

आणि तरीही चूक केली त्यानेच.

सतराव्या दिवशी वीरेंद्र नावाचा साड्यांचा व्यापारी मागावरची साडी कुठवर आली हे पाहायला आला. बाबूलालने चादर उचलून अर्धी साडी दाखवली, सव्वा महिन्याने पुरी होईल म्हणाला. वीरेंद्र बरं म्हणून निघतच होता. पण त्याची नजर चौकटीकडे गेली, आणि बाबूलालच्या तोंडून सवयीने शब्द निघाले. "अकराव्या दिवशी कांड्या भरल्या भूषणच्या मायनं. आजकालच्या पोरी..." एवढं म्हणून त्याने जीभ आवरली. ताराबाई उठून आत गेली. पडद्यापलीकडे बाजेची दोरी किंचित करकरली. ती करकर त्याला ऐकू आली होती, पण त्याने तिचा काही अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताराबाई दुखण्याच्या गोळीने पेंगली होती. बाबूलाल शेपू आणि खोबरं आणायला बाजारात गेला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला घरातून चरख्याची घरघर ऐकू आली. या आवाजावर त्याचा फार जीव होता, त्यामुळे दोन पावलं तो हसतच चालला. तिसऱ्या पावलाला त्याच्या लक्षात आलं की ताराबाईचा हात प्लास्टरात आहे. मग तो धावला.

तो दारात पोचला तेव्हा घरघर थांबली होती. रीता चरख्याशेजारी जमिनीवर कलंडली होती. टोपलीत पाच कांड्या नीट भरून ठेवलेल्या होत्या, सहावीवरचा धागा तिच्या बोटाला गुंडाळलेला होता, आणि तिच्याखालची चटई रक्ताने भिजली होती. डोक्यावरचा पदर तसाच होता.

ज्या सुनेकडे त्याने तीन वर्षांत मान वर करून पाहिलं नव्हतं, तिला बाबूलालने दोन्ही हातांवर उचललं. ती रिकाम्या टोपलीइतकी हलकी लागली. भूषण पाळीवर गेलेला होता. ताराबाईने डाव्या हाताने बाळ छातीशी धरलं, गुलाबबाईने ओरडून ऑटो थांबवला, आणि ते दवाखान्यात पोचेपर्यंत बाबूलाल एकच शब्द म्हणत होता. "बेटा. बेटा. बेटा." हे त्याचं तिच्याशी थेट असं पहिलं बोलणं होतं, आणि तिला ते ऐकू येत नव्हतं.

इंजेक्शनं दिली, पुन्हा एक बाटली चढवली, आणि तासाभराने रक्त थांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचली," त्या म्हणाल्या. "पण तिला कामाला कोणी लावलं?"

"कोनीच नाई लावलं," ताराबाई म्हणाली.

"मी विचारलं तिला. ती म्हणते, माझ्या सासूबाईंनी अकराव्या दिवशी भरल्या होत्या, मला तर अठरावा होता. सासरे बाळाचे लंगोट धुतात, भांडी करतात, त्यांचा माग माझ्यामुळे थांबला, मला लाज वाटली, म्हणते."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर बाबूलाल आणि ताराबाई राहिले. बाबूलालची मान खाली गेली होती ती वर येईना. त्याच्या बोटांना रीताचं रक्त लागलं होतं, आणि त्या बोटांचा त्याला पहिल्यांदाच गर्व वाटत नव्हता.

ताराबाई म्हणाली, "एक सांगू का जी? रागावाल तं नाई?"

"सांग," बाबूलाल म्हणाला.

"त्या अकराव्या दिवशी संध्याकाळी मी चरख्यावरून उठली तं माझं अंग खाली आलं. आतलं, गर्भपिशवीचं. म्या हातानं वर ढकललं. तवापासून ते तसंच हाये. उभी राहिली की येते, वजन उचललं की येते, खाली बसली की जास्त येते. कपडा बांधून चालते मी. तीस वर्षं झाले."

बाबूलालला आधी काही समजलंच नाही. मग एकेक गोष्ट आठवू लागली. ताराबाईने हट्टाने बांधून घेतलेला स्वयंपाकाचा ओटा. लग्नाच्या पंगतीत सगळ्या बायका खाली बसायच्या आणि ही खुर्ची मागायची. तो तिला सगळ्यांदेखत राणीसाहेब म्हणून चिडवायचा. भूषणनंतर पुन्हा पाळणा हलला नाही. नशिबात नव्हतं, असं तो लोकांना सांगायचा. आणि चौकटीखाली गोष्ट सुरू झाली की तिचं ते आत निघून जाणं.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी किती खूश होते," ताराबाई म्हणाली. "ज्याले त्याले सांगत होते. मी काय सांगू?"

दवाखान्यातली माणसं येत-जात होती. बाबूलाल या बाईकडे पाहत राहिला. एवढीशी बाई, गळ्यात प्लास्टर, मांडीवर नात. हिने तीस वर्षं ते दुखणं पोटाशी बांधून धुणी धुतली, पाणी भरलं, त्याच्या कांड्या भरल्या, आणि तोंडातून एक चकार शब्द काढला नाही. का, तर त्याच्या बढाईला तडा जाऊ नये म्हणून. त्याला तिची भीतीच वाटली, देवळात गाभाऱ्याशी वाटते तशी. तो तोंड झाकून रडला. ताराबाईने त्याला रडू दिलं.

रीता चार दिवसांनी घरी आली. त्याच दिवशी बाजेवर मच्छरदाणी बांधायला खिळा हवा होता. बाबूलालने चौकट काढली, ट्रंकेमागे ठेवली, आणि तिच्या खिळ्याला दोरी बांधली. चरखा उचलून त्याने शेजारच्या घरी ठेवायला दिला. सव्वा महिना आता परत पहिल्या दिवसापासून मोजायचा, असं त्याने जाहीर केलं, आणि खुशबूने हसून वहीत तसं लिहिलं.

थंडी पडली. रोज सकाळी ऊन खिडकीतून बाजेवर यायचं आणि रीता बाळाला घेऊन त्यात पडून राहायची. आता ती खरंच झोपायची, हातपाय सैल सोडून. बाबूलाल अलीकडे बसून तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचा आणि त्याला वाटायचं, आपल्या घरात एवढं मोठं काम कधीच झालं नव्हतं. बाळाची नाळ केव्हाच गळून बेंबी वाळली होती. मुलीचं नाव रक्षा ठेवलं. रीताच्या अंगातलं रक्त आधी सात होतं, मग नऊ, मग दहावर आलं. खुशबू कागद दाखवायची आणि बाबूलाल तो कागद चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचायचा.

सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी रीता न्हाली, नवं लुगडं नेसली, बाळाला घेऊन अंगणातल्या विहिरीची पूजा करून आली. आल्यावर बाबूलाल पडदा सोडायला लागला आणि बाज उचलायला त्याने हात घातला.

"मामाजी," रीता म्हणाली.

तो थांबला. ताराबाईही थांबली. रीताने पदर डोक्यावर घेतला होता, पण ती पाहत होती सरळ त्याच्याकडे.

"बाज राहू द्या. आता आत्याबाई निजतीन त्याच्यावर. त्यायनं मले सारं सांगितलं, मंग तपासनीले गेली तवा मी डॉक्टरीणबाईले इचारून आली. ऑपरेशन होते म्हने. त्याच्यानंतर सव्वा महिना आराम लागते."

"मले काय झालं आता म्हातारपनी," ताराबाई म्हणाली.

"तारा," बाबूलाल म्हणाला, "गप राय."

मनगटाचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. ताराबाई घरी आली आणि मागाच्या खोलीत, उन्हात, त्याच बाजेवर पडली. पडदा पुन्हा लागला. बाबूलालने डिंक तळला. आता तो दर वेळी फुलायचा. खाली रक्षा पाय झाडत हुंकार द्यायची. वीरेंद्रचा फोन आला, साडीचं काय झालं. बाबूलाल म्हणाला, "सव्वा महिन्यानं."

"पुन्हा? आता कोन बाळंत झालं तुमच्या घरी?"

"भूषणची माय," बाबूलाल म्हणाला आणि फोन ठेवला.

सुरुवातीचे दिवस ताराबाईला चैन पडलं नाही. पडल्या पडल्या ती घर चालवायची, कशात किती मीठ, कोणता डबा कुठे. दर थोड्या वेळाने उठायला बघायची आणि बाबूलाल उंबऱ्यावरून नुसता खाकरायचा. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. ती खिडकीकडे तोंड करून तासन्‌तास पडून राहायला लागली.

एका सकाळी तो खिरीची वाटी घेऊन आत गेला तेव्हा ती जागी होती. तिने विचारलं, "आज कितवा दिवस?"

बाबूलालने वाटी खाली ठेवली. त्याला तो दिवस मोजायची गरज नव्हती.

"अकरावा," तो म्हणाला.

ताराबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मागाकडे पाहिलं, जिथे चादरीखाली अर्धी साडी तशीच होती. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, कुशीवर वळली आणि झोपली. बाबूलाल चपला हातात घेऊन बाहेर आला आणि त्याने दार आवाज न करता लोटून घेतलं.